हवाईन गिटारची हवा

धाड, बुद्धपौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

आदरणीय प्रसेनजितदादा यांना नागसेनचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. जयमालावहिनींचा गुडघा आता कसा आहे? मलकापुरात ऊन कसे आहे ते विचारत नाही, इथलेच पुरून उरले आहे. तुमच्या आईची काळजी करू नका, केसरमामी आठ दिवसांसाठी इथे आल्या आहेत आणि दोन्ही वेळा पोटभर जेवतात. (फोन सोडून पत्र का, असे मनात आले असेल. मी फोनवर चिडून बोलू लागलो की नेमकी तुमच्याकडची रेंज जाते. पत्राची जात नाही.)

तर विषय तुमच्या गिटारचा. ‘तुमच्या’ म्हणतो, कारण माझा हक्क मी आजपासून सोडला. सहदेवमामांनी रेल्वेत असताना कलकत्त्याहून आणलेली, मांडीवर आडवी घेऊन लोखंडी कांडी फिरवत वाजवायची ती हवाईन गिटार तुम्ही मार्चमध्ये माझ्या हवाली केलीत, आणि वर म्हणालात, पन्नास वर्षांची आहे पण सूर धरून आहे. दादा, कशाच्या आधारावर? मामा गेल्यापासून अकरा वर्षे ती तुमच्या दिवाणात पडून होती. दिवाणातली गोधडीसुद्धा सूर धरूनच असते. वाजवली तेव्हा कळले. सहा तारांपैकी पहिली लावून सहावीकडे जावे तोवर पहिली उतरलेली. पहिलीकडे परत यावे तर चौथीने घर सोडलेले.

आयटीआयमध्ये तीस वर्षे फिटरकाम शिकवलेला माणूस मी, हार मानतो काय? खुंट्या उघडल्या. आतल्या चाकांचे दात मामींच्या दातांइतके उरलेले (हे मामींना फोनवर सांगू नका). पिळले तर अर्धा फेरा नुसता मोकळाच फिरतो, मग एकदम पकडतो. वरच्या पट्टीच्या खाचेत तार अडकून बसते, कांडी नीट टेकवली की ‘टिंग’ करून सुटते आणि सूर भलतीकडेच. मी खाचांत पेन्सिलीचे शिसे घासले, खुंट्यांचे सगळे स्क्रू बदलले, नव्या तारा चढवून दोन दिवस ताणून ठेवल्या. एवढी सेवा माझ्या सासऱ्यांचीही झाली नाही. हे सगळे कशासाठी, तर मामींसाठी. आल्या त्याच दिवशी त्या म्हणाल्या, “नागसेन, त्याह्यची ते धून मरायच्या आंधी एकडाव आयकू दे बाप्पा.” पौर्णिमेला विहारापुढे आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. मी शब्द दिला. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला दिलेला शब्द म्हणजे मस्करी नाही.

आणि माझ्या मेहनतीचे फळ सांगतो. संध्याकाळी मंडपात बसून शालिग्रामच्या पेटीवर सहाही तारा मिळवल्या. अगदी एकजीव! चहा घेऊन येतो तर सगळ्या चढलेल्या. परत मिळवल्या, परत चढल्या. शेवटी मान वर करून पाहिले, तर मंडपवाल्या निवृत्तीने प्रमुख पाहुण्यांचा कूलर फिरवून माझ्या गिटारच्या तोंडापुढे आणून ठेवलेला. गार वाऱ्याने तारा आखडणार नाहीत तर काय! मी ओरडलो, हे काय रे? तर तो माझ्याकडेच अडाण्याकडे पाहावे तसा पाहू लागला. “भाऊ, हवाईन हाये म्हनता ना? मंग तिले हवा नाई लागत काय?” (प्रमुख पाहुणे तिकडे टॉवेलने वारा घेत होते. त्यांची व्यवस्था काढून गिटारची केली, असा हा उपकार.) वाद घालायला वेळ नव्हता. म्हटले, असू दे, कूलर चालूच ठेव, मी त्या हवेत तारा लावून घेतो. लावल्या. मामी पहिल्या रांगेत खुर्चीवर. मी कांडी उचलली, आणि लाईट गेली.

जनरेटर सुरू झाला. त्यावर भोंगा चालतो, दिवे चालतात, कूलर चालत नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत तारा तापून सैल, तिसऱ्या ओळीला मी एका गावात आणि शालिग्राम दुसऱ्या गावात. त्याने माझ्यावर डोळे वटारले, पेटीचा भाता बंद केला आणि चक्क उठून पाणी प्यायला गेला. तबलाही थांबला. मी एकटा, भोंग्यावर, सगळ्या धाड गावाला ऐकू जाईल असा, मामांची धून उतरत्या भाजणीत वाजवत राहिलो, कारण मध्ये थांबायची लाज वाटली. डोळे उघडले तर मामी पदराने डोळे पुसत होत्या. भर सभेत मी म्हाताऱ्या मामीला रडवले, दादा, आणि त्याला तुम्ही आणि तुमचा दिवाण जबाबदार आहात. रविवारी या आणि ही वस्तू घेऊन जा. मला तिचे तोंड पाहायचे नाही.

आपला नम्र आणि तितकाच संतप्त आतेभाऊ,
नागसेन

ता.क. : वरील मजकूर लिहून झाल्यावर मामींची माफी मागायला गेलो. म्हटले, बेसूर झालं मामी, चुकलो. तर त्या हसायलाच लागल्या. “तुये मामा बी असेच वाजवत. पेटीवाला दरवेळी उठून जाये. डोये मिटून घेतले, त मले वाटलं घरीच बसून वाजवून राह्यले.” त्यामुळे रविवारी येऊ नका. उन्हाचे कशाला?

ता.ता.क. : मुख्य काम राहिलेच. मामींच्या बीपीच्या गोळ्या आणि दोन लुगडी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवून द्या. गिटार सुरात लागली की मलकापूरले जाईन, असे त्या म्हणतात. मघाशी चुकून एक तार बरोबर लागली होती. मी ताबडतोब उतरवली.