पेन्शनर चालू लागला

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची गुडघेदुखी उताराला लागली असेल. नसल्यास हे पत्र वाचून उतरेल, कारण बातमी विजयाची आहे.

गेल्या आठवड्यात तुम्ही आमच्या मत्स्यालयात आलात, तेव्हा माझ्या ताब्यातल्या उथळ टाकीत डोकावून म्हणालात, "हा शार्क? हा तर तुमच्यासारखाच, जावईबापू! बसून खाणारा." (आणि खांद्यामागे काळा ठिपका मिरवत वाळूवर पडून राहणाऱ्या त्या गरीब जिवाचं नाव 'पेन्शनर' ठेवून मोकळे झालात.) मला राग आला नाही. पण आमच्या साहेबांचंही मत तेच होतं. न हलणाऱ्या माशापुढे कोणी थांबत नाही, म्हणून महिनाअखेर पेन्शनरला दुसरीकडे देऊन टाकी बंद करायची आणि टाकीबरोबर मलाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तुमच्या बहिणीला मी हे सांगितलं नव्हतं. देवाच्या कानावर तेवढं घातलं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर टाकीचा हवेचा पंप मुका आणि पेन्शनर तळाशी निपचित. हलवला, हलेना. तिकीट खिडकीवरच्या बाई (ज्यांनी आजवर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं) हुंदके देऊ लागल्या. साहेब मनातून हलके झाले असावेत, पण चेहरा त्यांनी जड केला. पेन्शनरला ओल्या गोणपाटावर ठेवलं. "तुम्ही देवाचं करणारे," साहेब मला म्हणाले, "दोन शब्द तुम्हीच बोला." मला कुठलं भाषण येतंय? म्हटलं, हा जीव कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. एवढं म्हणून डोळे मिटले आणि मनात देवाचं नाव घेऊ लागलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी डोळे उघडे ठेवले होते, हे बरं झालं.

"अगं आई गं! चाललाय!"

पेन्शनर खरंच निघाला होता. परांचे पाय करून, कंबर हलवत, साहेबांच्या बुटांना वळसा घालून तो थेट फरशी पुसायच्या बादलीकडे चालला होता. साहेब खुर्चीवर चढले. मी नाव घ्यायचं विसरून टाळ्या वाजवत सुटलो. (देवाने तेच नामस्मरण धरलं असावं.)

त्याला पाण्यात सोडून पंप चालू केला आणि मग भिंतीवरची पाटी वाचली. (मी ती रोज पुसतो, पण पुसणं वेगळं आणि वाचणं वेगळं. साहेबांनी तर ती स्वतः लिहिलेली आहे.) ओहोटी लागली की प्रवाळाच्या खडकांत डबकी उरतात आणि त्यांतल्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो. तेव्हा हा मासा तडफडत नाही. काळीज मंद करतो, मेंदूतले काही दिवे मालवतो आणि तग धरतो. फारच झालं तर उठून परांवर पुढचं डबकं गाठतो. दादा, शाळेपासून लोक मला थंड म्हणत आले. त्या पाटीपुढे मी पहिल्यांदाच छाती काढून उभा राहिलो.

आता आमच्या टाकीपुढे उभं राहायला जागा नाही. पेन्शनर अजूनही पडूनच असतो, पण कधी उठेल सांगता येत नाही म्हणून लोक हलत नाहीत! टाकी वाढणार, पेन्शनर राहणार आणि मीही राहणार. बाई तर मला येता-जाता हात जोडतात.

आपला नम्र,
बसून खाणारा

ता. क. पंप कसा बंद पडला, याची साहेब कसून चौकशी करत आहेत. पंपाची पिन काढून तिथे कोणीतरी मोबाइलचा चार्जर लावला होता. तो सर्वांआधी मला दिसला आणि माझ्या खिशात गेला. त्यावर तुमच्या नातीने चिकटवलेलं फुलपाखरू आहे.

आणखी एक. तो माणूस सापडला तर त्याला हार घालायचा की पोलिसांत द्यायचं, हे साहेबांचं अजून ठरत नाही. तेव्हा एवढी एकच विनंती: चार्जर मागायला येऊ नका आणि फोनही करू नका. (तुमचा फोन बंदच लागतोय म्हणा, म्हणून तर पत्र लिहिलं.) काळीज मंद ठेवा, दिवे मालवा आणि निपचित पडून राहा. भरती आली की कळवतो.