काढलेली कांडी

प्रिय धाकट्या,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र कोण लिहितं, असं म्हणून तू कपाळाला हात लावशील. लाव. गेल्या पंधरवड्यात मी तीनदा तुझ्याकडे आले आणि तीनदा चहा पिऊन परत गेले. पहिल्यांदा तुमच्या गळक्या नळाबद्दल बोलले, दुसऱ्यांदा तुझ्या वाढलेल्या दाढीबद्दल, तिसऱ्यांदा पुन्हा नळाबद्दल. संस्कृतची पदवी घेतलेल्या बाईची ही वाक्पटुता! निघताना तुझी बायको जिन्यापर्यंत आली नि म्हणाली, "ताई, तुम्ही तरी बोला हो त्यांच्याशी. मला नुसतं 'हं' म्हणतात." मी म्हटलं, बोलते. तोंडाने काही जमलं नाही, म्हणून हा कागद.

सोमवारी चौकशी आहे. निरीक्षकांना तू लिहून दिलेलं मी वाचलं: 'कांडी बसवताना मी नीट तपासली नाही. चूक माझी आहे.' एरवी तू बिलावर 'दुरुस्ती'सुद्धा धड लिहीत नाहीस, इथे एक वेलांटी चुकली नाही. पण पहिलं वाक्य खोटं आहे आणि दुसरं त्याच्याच खांद्यावर उभं आहे. सोमवारी ते तसंच वाचलं गेलं तर तुझा परवाना जाईल. परवान्याचं एक वेळ सोड. बेकरीतल्या काकींचं मरण तू जन्मभर डोक्यावर घेऊन फिरशील, आणि ते ओझं तुझं नाही.

त्या दिवशी तू काय काय केलंस ते मी इतक्यांदा मनात फिरवलंय की मीच तिथे होते असं वाटतं. दुपारी बेकरीतून फोन आला, मोठी भट्टी पेटत नाही. तू गेलास. आधी गॅसचा दाब पाहिलास, तो ठीक. मग तारा, त्याही ठीक. मग ठिणगी पाडणारी कांडी बाहेर काढलीस, तर तिचं टोक जळून गेलेलं. गाडीतल्या नव्या सामानाच्या डब्यातून दुसरी काढलीस, बसवलीस, आणि भट्टी तीनदा विझवून तीनदा पेटवलीस. तिन्ही वेळा पहिल्या ठिणगीला पेटली. काकी म्हणाल्या, "आता हिला लग्नाची मुलगी म्हणून दाखवायला हरकत नाही." हे तूच मला हसत सांगितलंस. मग तू नीट तपासलं नाहीस असं कोण म्हणतं? तूच. दुसरं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी तापल्यावर मध्येच विझली आणि पुन्हा पेटेना. आत कणीक फुगून वर येत होती, बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. काकींनी बटण चार-पाचदा दाबलं. दर वेळी थोडा गॅस आत सुटत राहिला, ठिणगी मात्र पडत नव्हती. शेवटच्या वेळी पडली. दार बिजागरांसकट उडालं. लोक म्हणतात, भट्टीचं दार उघडून पाच मिनिटं थांबायला हवं होतं, तशी पाटीच लावलेली आहे. पाटी आपणच लावली होती. पण कांडी धड असती तर ती पाटी वाचायची वेळ त्यांच्यावर आली नसती. नऊ दिवस त्या इस्पितळात होत्या.

आता आबांचं सांगते. आबांचा एकच नियम तुला लहानपणापासून ठाऊक आहे: काढलेलं ते मेलेलं. भट्टीतून काढलेला भाग तिथल्या तिथे हातोडीने फोडायचा, मगच कचऱ्यात टाकायचा, म्हणजे तो चुकून परत कुणाच्या हाती लागायला नको. मी त्यांना हसायचे. म्हणायचे, आबा, तुम्ही यंत्रांचे अंत्यसंस्कार करता. ते म्हणायचे, "तू श्लोक म्हण, मी फोडतो." नियमामुळे आपल्या गाडीत कधी शंकाच नसायची. अखंड वस्तू म्हणजे चांगली वस्तू. तूही तेच धरून चाललास. चालणारच.

तीन महिन्यांपूर्वी त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली भट्टी आठवते? मी एकटी गेले होते. तिथे हाच आजार होता. थंड असताना पेटायची, तापली की रुसायची. मी कांडी बदलली, भट्टी सुरळीत झाली. काढलेली कांडी दुकानात आणून टेबलावर लावून पाहिली, तर ठिणगी अगदी टपोरी. म्हटलं, दोष तारेत असेल, ही बिचारी निर्दोष असेल. चिनीमातीच्या आवरणात केसाएवढा तडा असला तर तो तापल्यावरच उघडतो आणि ठिणगी टोकावर न जाता तिथूनच पळते, हे मी स्वतः तुला शिकवलंय. तापवून पाहायला अर्धा तास लागला असता. मी तिला संशयाचा फायदा दिला. आमच्या न्यायशास्त्रात पुराव्याशिवाय अनुमान चालत नाही ना! धुरावरून अग्नी ओळखायचा हे शिकायला मी चार वर्षं घालवली आणि अर्धा तास माझ्याकडे नव्हता. पॉलिश कागदाने टोक चमकवलं आणि ती नव्या सामानाच्या डब्यात ठेवली. सवड झाली की बघू म्हटलं, आणि विसरले.

स्फोटानंतर चौथ्या दिवशी निरीक्षकांनी मला ती पिशवीत घालून दाखवली. मागे वसतिगृहाच्या भट्टीत ती मीच बसवली होती, तेव्हा नीट बसावी म्हणून तिच्या पट्टीचा एक कोपरा कानशीने घासला होता. तो कोपरा पाहिला आणि ओळखली. निरीक्षकांनी विचारलं, "काही सांगायचंय?" मी म्हटलं, नाही. तेव्हा काकी जिवंत होत्या. मला वाटलं, त्या बऱ्या होतील, मग सांगू. त्या गेल्या, तेव्हा वाटलं, तेरावा झाल्यावर सांगू. मग तू ते लिहून दिलंस, आणि खरं सांगते, धाकट्या, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य मी दोनदा खोडलं. आता राहू दे.

आज सकाळी मी काकींच्या नवऱ्याकडे गेले. दोन दिवस घोकून वाक्यं तयार केली होती, त्यातलं एक धड बाहेर पडलं नाही, पण सगळं सांगितलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं, मी त्यासाठीच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भावाला सांगितलंत?" मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा ते उठून उभे राहिले. म्हणाले, "मग माझ्याकडे काय बसलात? तो पोरगा रोज संध्याकाळी येतो, बेकरीच्या बंद दारापुढे पायरीवर बसतो, आणि अंधार पडायच्या आत जातो. मी खिडकीतून बघतो. आधी त्याला सांगा." मला हे माहीत नव्हतं. तुझ्या बायकोलाही नसेल. हा कागद तिच्या हाती देऊन मी तशीच निरीक्षकांकडे जाणार आहे. सोमवारी ते तुला विचारतील तेव्हा तीनदा पेटवून पाहिली, एवढं खरं सांग. मला वाचवायला एक अक्षर जास्त बोलू नकोस, आणि माफ करायची घाई तर अजिबात करू नकोस. फक्त आज संध्याकाळी त्या पायरीवर जाऊ नकोस. तिथे मी बसलेली असेन.

तुझीच,
ताई