वायरीतला गोंगाट

३ तारीख, सोमवार

अखेर सामान लागलं. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे फरशीचं लांब अंगण. अंगणाच्या मध्यावर जाड दगडी भिंतींची धुण्याची खोली आणि अगदी टोकाला घरमालकांची सुतारशेड, कुलूपबंद. घरमालक गल्लीत समोरच राहतात. त्यांना सगळेच मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. इथे मोबाइलला रेंज नाही, असं मी जरा कुरकुरत म्हटलं, तर म्हणाले, “ताई, रेंज नाही, पण शांतता आहे. भाड्यात तीच धरलीय.” मामी लेकीकडे गेल्यात, बाळंतपणाला.

माझ्या लेकीचा पाय अजून प्लास्टरमध्ये. गच्चीच्या कठड्यावरून उतरायची हौस. म्हणून तर तिला खारूताई म्हणते. पुढच्या खोलीत पलंगावर राज्य थाटून बसलीय आणि माझ्याकडून राणीसारखी सेवा करून घेतेय. खूप दिवसांनी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

५ तारीख, बुधवार

डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाइप करायचे, तर मला शांतता हवी. खारूताईच्या मालिकांच्या शेजारी ते जमणार नाही. म्हणून धुण्याच्या खोलीत टेबल टाकलं. पण वायफाय तिथवर पोचेना.

आज वायरमन आला. गप्पिष्ट माणूस. कापलेल्या बोटाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. विटेच्या तुकड्याएवढे दोन अ‍ॅडाप्टर आणले होते त्याने. एक राउटरशेजारच्या प्लगात, दुसरा धुण्याच्या खोलीत. इंटरनेट घरातल्या विजेच्या वायरीतूनच धावतं म्हणे, फक्त दोन्ही प्लग एका मीटरवर हवेत. दिवा हिरवा असला की सगळं ठीक. त्याच वायरीवर मोटर सुरू झाली की गोंगाट होतो आणि दिवा लाल. खात्री पटावी म्हणून त्याने आमचा मिक्सर लावून दाखवला. लगेच लाल. “मिक्सर आणि मीटिंग एकदम नको, ताई.”

आता मी इथून आणि खारूताई तिथून व्हिडिओ कॉलवर एकमेकींना वाकुल्या दाखवतो. तिला काही लागलं तर हाक मारायची सोय झाली.

८ तारीख, शनिवार

रोज जेवणानंतर दिवा लाल होतो. मिक्सर बंद, पंप बंद. कानाला हेडफोन असतो, म्हणून आधी कळलं नाही. आज काढून ठेवला. टोकाच्या शेडमधून बारीक घरघर येत होती. मध्येच आवाज जड व्हायचा, जसं काही कठीण कापलं जातंय.

मामांना विचारलं. शेडमधली वीज कधीच गेली, वायर उंदरांनी खाल्ली, म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून वायरमनला फोन लावला, तर तो हसला. मोटर आपल्याच मीटरवर आहे, दिवा खोटं बोलत नाही, म्हणाला. मंगळवारी येऊन वायर कुठवर जाते ते बघणार आहे.

त्यांच्या घरात त्यांच्या माघारी उचापती नकोत, म्हणून मी हे मामांना सांगून टाकलं. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. एकटाच येणार ना, एवढंच विचारलं.

११ तारीख, मंगळवार

वायरमन आला, मामा त्याला शेडकडे घेऊन गेले. मी कामाला बसले. दिवा लाल झाला आणि बराच वेळ लालच राहिला. मला वाटलं, तपासणी चाललीय.

बाहेर आले तर मामा पाइपने अंगण धूत होते. सदरा बदललेला. वायरमन सामान आणायला गेला म्हणाले. त्याची मोटारसायकल फाटकापाशीच उभी होती.

मी आत येऊन कडी घातली. विचारलं का नाही?

१२ तारीख, बुधवार

मोटारसायकल नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याला फोन लावला, बंद. दिवसभर दिवा हिरवा. हिरव्याचीच भीती वाटतेय. काम संपल्यासारखा.

खारूताईला काही सांगितलं नाही. उद्या भावाला गाडी घेऊन बोलावते. ती चार पावलं टाकू शकत नाही, तिला घेऊन पळू कशी?

१३ तारीख, गुरुवार

दुपारी न्हाणीचं पाणी तुंबलं. अंगणातल्या गटाराची जाळी उचलली. केसांचा लांब, पांढरा गुंता. त्यात फुटक्या हिरव्या बांगड्या. गुंता ओढला, तर त्याच्यामागून एक बोट आलं. काळी चिकटपट्टी गुंडाळलेलं.

जाळी तिथेच टाकली.

मामी लेकीकडे गेल्याच नाहीत.

लॅपटॉप धुण्याच्या खोलीत. धावत आले. भावाला कळवलं, पोलिसांना इंटरनेटवरून फोन केला. निघालो म्हणाले. मागून दार लोटलं गेलं. बाहेरून कडी. मामांचा आवाज, नेहमीसारखाच गोड—

“तुम्ही बसा कामाला, ताई. मी पोरीला बघून येतो.”

तीच दुपार

पोलिसांना दाखवायला लिहितेय. दिवा हिरवा. कॉल चालू आहे. ओरडून सांगितलं, दाराला कडी घाल. कुबडीवर उड्या मारत गेली. घातली. रडत नाहीये. शहाणी माझी.

आई, तो दार फोडतोय, म्हणाली. कुऱ्हाड आहे. पडद्यावर दिसतंय, फळीतून पातं आत येतंय, परत जातंय, पुन्हा—

तिला म्हटलं स्वयंपाकघरातला सुरा घे. लाजू नकोस, घाबरू नकोस, मानेवर मार. मी, माझ्या लेकीला—

फळी पडली.

लाल.

चित्र थिजलंय. तिचं तोंड उघडं, आवाज नाही. शेडला कुलूप आहे, इथून दिसतंय. म्हणजे मोटर घरात, शेडमधला कटर घेऊन आलाय तो—

खिडकीचे गज. कोपऱ्यातल्या लोखंडी पहारीने मारतेय. एक वाकला. डोकं जात नाही. हात सोलले, कागद लाल होतोय. पुन्हा मारते

दोन वाकले. खांदा अडकतोय. अजून एक—

लाल. लालच. घरघर इथवर ऐकू येतेय. आता जड झाली. कशात तरी गेली

थांबली.

हिरवा.

चित्र हलतंय. पट्ट्या-पट्ट्यांनी येतंय. पलंगाचा पाय. प्लास्टर, रक्ताने माखलेलं, पण पाय हलतोय, हलतोय. जमिनीवर कुणीतरी पालथं. कटर अजून कुणाच्या तरी हातात. तो हात वर येतोय, मनगट दिसतंय, ते मनगट बारीक आहे, माझ्या खारूताईचं—