डिझेल वाचवणाऱ्याची बॅटरी

बजाजनगर,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
श्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

गाडीबद्दल फोनवर बोलायला आईनं आपल्या दोघांना बंदी घातली ते बरंच झालं. मागच्या खेपेला मी एवढी ओरडत होते, की खालच्या मजल्यावरच्या सरिताकाकू घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला वर आल्या. तेव्हा आता लिहूनच भांडते. पत्र पैठण बसचे कंडक्टर गोकुळभाऊ आणून देतील.

काल आपली विजेवरची व्हॅन ढोरकीनला बंद पडली, महिन्यात दुसऱ्यांदा. विणकर गटातल्या बायकांच्या न खपता परत आलेल्या साड्या आणि नवं रेशीम दुपारभर रस्त्यात उभं. गुलमंडीच्या साडी-दुकानाच्या मालकीण तनुजाताईंचा फोन आला. शांतपणे बोलल्या, म्हणून जास्त लागलं. तिसऱ्यांदा असं झालं तर पैठणचा माल त्या दुसऱ्या गाडीनं आणवणार आहेत.

बाबा, मी कंपनीत दिवसभर बॅटऱ्याच तपासते. किती वेळा सांगितलं, की आठवडाभर गाडी शंभर टक्के भरून उभी ठेवू नका. ऐंशीला थांबवा, शनिवारी निघायच्या आधी पूर्ण भरा. उन्हातून आल्या आल्या चार्जिंग लावू नका, तासभर थंड होऊ द्या. विहिरीच्या मोटारीची जुनी वायर तर अजिबात नको, पेटेल एखाद्या दिवशी. आणि ह्या बॅटरीत पाणी टाकत नाहीत हो! आई म्हणाली, तुम्ही कॅन आणून झाकण शोधत गाडीखाली झोपला होता.

पण एवढ्यानंही बॅटरी वाटेत संपायला नको. पैठण-गुलमंडी जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर, तेवढं तिनं आरामात करायला हवं. तुमच्या चालवण्यात काहीतरी होतंय. येत्या शनिवारी जमलं नाही तर मी ड्रायव्हर ठेवणार. वाईट वाटतंय, पण ठेवणार.

लोभ आहेच, सध्या जरा दमलाय एवढंच.
श्रेया


पैठण,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

चि. श्रेयास,
बापाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं, दोन्ही येळेला हसली. मला हसू आलं नाय.

वायर बदलली. ऐंशीचं ध्यानात ठेवतो. भरली गाडी दारात असली की माणूस निर्धास्त ऱ्हातो, म्हणून भरत व्हतो. पाण्याचा कॅन सर्व्हिसवाल्याला दाखवला, त्यानं तोंड फिरवून हसून घेतलं ते मला दिसलं. पण ही काय गाडी हाय का? चालू हाय का बंद ते कळत नाय. एसटीचं इंजिन मला तळपायाला कळायचं.

आता ड्रायव्हरचं. एकतीस वर्षं एसटी चालवली, कुणाचं कोंबडंबी मारलं नाय. डिझेल वाचवण्यात डेपोत पहिला आलो. त्या प्रमाणपत्राखाली बसून तू पाढे म्हणायचीस. दहा लिटरला किती किलोमीटर काढले ते साहेबांनी माइकवरून वाचून दाखवलं व्हतं. आन् आज पोटची पोर मला इचारती, चालवण्यात काय व्हतंय. काय व्हत नाय. मी कशी चालवतो ते तू इचारू नको.

सोबत लायसन धाडतोय. ज्याला ठेवायचं त्याला ठेव.

राग मानू नको असं लिहीत नाय. मान.
कारभारी


बजाजनगर,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,
शि. सा. न.

पाकिटातून लायसन पडलं आणि डबा न उघडता मी जेवणाच्या सुट्टीभर तशीच बसून राहिले. मला दुसरा ड्रायव्हर नकोय बाबा. चिडून लिहिलं, चुकलं. लायसन परत पाठवतेय, जपून ठेवा.

पण ‘कशी चालवतो ते विचारू नको’ हे डोक्यातून जाईना. गोकुळभाऊंना सहज विचारलं, की जुनी माणसं डिझेल कसं वाचवायची. ते इकडंतिकडं बघून म्हणाले, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. डेपोची सक्त मनाई, पण करायची. मग मी मोबाइलवर गाडीच्या ॲपमध्ये तुमच्या शनिवारच्या फेऱ्या उघडून बघितल्या. उतारावर बॅटरीत काहीच परत आलेलं नाही.

ही गाडी उतारावर पाय उचलला की चाकांच्या फिरण्यानं स्वतःच थोडी चार्ज होते. न्यूट्रल केली की ते बंद. शहरातून पैठणला येताना बराचसा उतारच आहे, तो सगळा वाया जातोय. मी काही विचारणार नाही. उद्या फक्त गिअरला हात लावू नका, चाकांत हवा नीट भरा आणि सावकाश या.

जीव टांगणीला लागलाय, पोचल्याचं कळवा.
श्रेया


पैठण,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. श्रेयास,
अनेक आशीर्वाद.

काल घरी आलो तवा बॅटरी चोवीस टक्के शिल्लक. साड्या येळेवर पोचल्या. तनुजाताईंनी चहा पाजला आन् पुढल्या शनिवारचा मालबी सांगितला.

आता खरं लिहितो. व्हय, न्यूट्रल करायचो. प्रमाणपत्र त्याच्यावरच मिळालं. साहेब माइकवर म्हणले, कारभारी नियमात चालवतात, आन् मी मान खाली घालून हार घालून घेतला. व्हॅन दुसऱ्यांदा बंद पडली तवाच मला शंका आली व्हती. पण तुला इचारायचं म्हणजे आधी कबूल करावं लागलं असतं. त्यापरीस लायसन धाडणं सोपं वाटलं.

काल बिडकीनच्या पुढं उतार लागला आन् हात आपसूक गिअरकडं गेला. तो मांडीखाली दाबून धरला. पाय उचलला, तर गाडी मागून कुणीतरी धरल्यागत हळू झाली, आन् बॅटरीचा आकडा एकानं वाढला. मला लई बरं वाटलं. न्यूट्रलवर एसटी सोडायचो तवा मागं पन्नास माणसं असायची आन् ब्रेक धरंल का नाय ह्याचं भ्या वाटायचं. ते कुणाला कधी सांगितलं नाय.

प्रमाणपत्र आज भिंतीवरनं काढतोय. तुझ्या आईला कारण सांगू नको.

तुझी माया हाय तशी ऱ्हाऊ दे, ओरडणंबी ऱ्हाऊ दे.
कारभारी

ता. क. पाकीट मी बंद करते हे ह्यांच्या ध्यानात ऱ्हात नाय. न्यूट्रलचं मला कवाचंच माहीत हाय. दुपारी खाटेवर पडले तरी झोपेत डावा हात गिअर पाडायचा, आन् उतार संपेपर्यंत श्वास धरून ठेवायचे. मी बाजूला बसून वाट बघायची. आज जेवून झोपले, हात छातीवर गप पडलाय. प्रमाणपत्र मी परत लावलं, मागं भिंतीचा रंग उडालेला दिसत व्हता. - आई