‘काळा डगला’ला किती स्टार?

१२ जानेवारी, रविवार

कुठलंही लिखाण प्रकृतीची चौकशी करून सुरू करावं, असं आई सांगायची. तेव्हा आधी तेच. इर्मेलिंदेच्या छातीत कफ. चाळीस वर्षं सांगतोय, गार फरशीवर अनवाणी फिरू नकोस, पण नवऱ्याचं ऐकलं तर ती बायको कसली. अडेलिनुचा घसा बसलाय. बसू दे, तो माझ्या साथीला गिटार वाजवतो, घशानं नाही वाजवत. शेजारच्या ग्रासा वहिनींना ताप. पाद्रीबाबा शिंकतायत, त्यांचा घंटावाला अंथरुणात. अख्ख्या आळीला फ्लू. मी मात्र ठणठणीत.

शनिवारी माझ्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग. वय एकोणसत्तर. आजवर विद्यापीठातल्या पोरांचे काळे डगले शिवले. पोरं माप द्यायला यायची, आरशासमोर उभी राहून फादु, म्हणजे आमची विरहाची गाणी, गायची, आणि मी तोंडात टाचण्या धरून ऐकायचो. तेवढीच माझी शाळा. ती पोरं पुढे डॉक्टर झाली, मंत्री झाली. आता डगला माझ्या अंगावर. अल्बमचं नावही तेच, ‘काळा डगला’. चॅपेलमध्ये, समोर माणसं बसवून गाणार.

संकल्प: पेपरातले परीक्षक काय लिहितात ते वाचायचं नाही. लेखणी त्यांची, गळा माझा.

१९ जानेवारी

काल झालं.

लिस्बनवाले गाणं आवडलं की टाळ्या पिटतात, अंगणातल्या कोंबड्या हाकल्यासारख्या. आम्ही कोइंब्राचे. आमच्याकडे गाणं काळजाला भिडलं की माणूस घसा खाकरतो. बस्स, एवढीच दाद. पण काल काय दाद मिळाली! पहिल्या गाण्याला चाळीसच्या चाळीस घसे. दुसऱ्याला तर कडवं संपेपर्यंतही कुणाला धीर निघेना. चौथ्याला मी तोंड उघडायच्या आत सुरू. ग्रासा वहिनींना दाद इतकी अनावर झाली, की दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं.

रेकॉर्डिंगवाला पोरगेला आहे. काका, खोकले काढून टाकू का, म्हणाला. म्हटलं, बाबा रे, दुसऱ्यांच्या टाळ्या पुसतोस का तू? एकही काढायचा नाही. तर म्हणतो, पण काका, ते तुमच्या आवाजापेक्षा मोठे आलेत. म्हटलं, म्हणजे बघ!

७ मार्च

अल्बम बाहेर आला. अकरा पेपरांच्या अकरा परीक्षकांना पोस्टानं पाठवला. सोबत चिठ्ठी: आपलं मत निःसंकोच लिहावं, मी वाचणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

लिस्बनच्या मोठ्या दैनिकात शुक्रवारी नव्या अल्बमांचं पान असतं. घेतलं. संकल्प मोडलेला नाही. वाचणं वेगळं, चाळणं वेगळं.

माझं नाव नाही. एकवीस वर्षांची कुणी मुलगी आहे, तिनं स्वयंपाकघरात बसून फोनवर गाणी रेकॉर्ड केली, मागे नळ गळतोय. क्वारेज्मा नावाचे परीक्षक लिहितात, ‘गळक्या नळाची प्रामाणिक व्याकुळता’. पाच स्टार! आमचा नळ वर्षभर व्याकुळ होता, इर्मेलिंदेनं प्लंबर बोलावला.

२१ मार्च

नाही. मोठ्या कामाला वेळ लागतो. वाईट अल्बमवर एका बैठकीत लिहून होतं, चांगल्यावर विचार करावा लागतो.

२८ मार्च

आपल्या गावच्या पेपरात आलं. तीन ओळी. नाव बेलार्मीनुच्या ऐवजी बेल्मीरु छापलंय. ‘ज्येष्ठ शिंपी बेल्मीरु यांनी छंद म्हणून.’ छंद! मी त्या परीक्षकाची लग्नाची पँट शिवली आहे. घाईघाईत, चोवीस तासांत. तेव्हा त्याला मी छंद करतोय असं वाटलं नव्हतं.

कात्रण काढून ठेवलं. रागानं काढलं, म्हणून वाकडं कापलं गेलं.

४ एप्रिल

लिस्बनच्या दैनिकाला फोन केला. आवाज बदलून, एक सामान्य रसिक म्हणून विचारलं की त्या ‘काळा डगला’ नावाच्या अप्रतिम अल्बमवर कधी छापताय? टेलिफोनवरची बाई म्हणाली, बेलार्मीनु काका, या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारताय, चहा-पाणी घ्या, शांत बसा.

कुणीतरी माझ्या नावानं फोन करत असणार.

११ एप्रिल, सकाळी ८.१०

चार स्टार!!

क्वारेज्मांनी स्वतः लिहिलंय, अर्धं पान. चष्मा घरी राहिला, म्हणून नुसते स्टार मोजले. तीनदा मोजले. सहा पेपर घेतले. कॅफेत सगळ्यांना कॉफी पाजली. जिन्यात भेटलेल्या पोस्टमनला मिठी मारली. तो खाकरला. रस्त्यावरचा माणूससुद्धा!

सकाळी १०.४०

इर्मेलिंदेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. क्वारेज्मा म्हणतात, हा आजारपणावरचा या वर्षातला सर्वांत धाडसी अल्बम आहे. चाळीस खोकल्यांची ही रचना: सुका, ओला, खोलवरचा, मुलासारखा लाजरा. चौथ्या गाण्यात एक वयस्कर स्त्री खोकत खोकत दूर जाते आणि दार बंद होतं, तिथे त्यांच्या अंगावर काटा आला.

म्हणजे ग्रासा वहिनी.

मग माझ्याबद्दल. ‘गायकानं आपला आवाज मुद्दाम सपाट आणि मागे ठेवला आहे, दवाखान्यात कुणीतरी सुरू ठेवलेल्या रेडिओसारखा. असा संयम विरळा.’

पुन्हा वाच म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं.

दुपारी

क्वारेज्मांचा सरळसरळ गैरसमज झालाय. लिस्बनचा माणूस, त्याला आमची दाद काय कळणार! मी इर्मेलिंदेला समजावून सांगत होतो. ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, अहो, दाद कसली? मला त्या दिवशी एकोणचाळीस अंश ताप होता. दगडी बाकावर दोन तास बसले ते तुम्ही गाणार म्हणून, खोकले ते छाती भरली होती म्हणून.

अडेलिनुकडे गेलो. निदान त्यानं तरी माझी बाजू घ्यावी. तो म्हणाला, अरे बेलार्मीनु, मला तुझं गाणं ऐकूच येत नव्हतं, मी तुझ्या ओठांकडे बघून वाजवत होतो. म्हटलं, मग थांबवलं का नाहीस? तर म्हणे, किती खुशीत होतास रे, कसा थांबवू?

थोडा वेळ वाईट वाटलं. मग नीट विचार केला. इतक्या तापातही चाळीस जण हलले नाहीत, याला दादच म्हणतात. फक्त क्वारेज्मांना ते ऐकू आलं नाही.

२३ एप्रिल

पोर्तोहून पत्र. तिथे जूनमध्ये नव्या ध्वनींचा महोत्सव आहे, त्यात ‘काळा डगला’ हवा आहे. जाहीर करायचं म्हणून अडेलिनुलाच आधी बोलावलं, बाटली उघडली, आणि मग पुढचं पान वाचलं. श्रोते मूळचेच हवेत, निदान तीस. बस आणि जेवण त्यांच्याकडून. गायक आल्यास हरकत नाही. न आल्यास मागे अल्बम लावता येईल.

आळीत नुसता उत्साह. ग्रासा वहिनींना एकटीचा प्रवेश आहे, दारासकट. अडेलिनुला काळजी की जूनमध्ये खोकला आणायचा कुठून. पाद्रीबाबा म्हणाले, ते देवावर सोडा. इर्मेलिंदेनं बसमधल्या जागांची यादी केली. माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे.

मी क्वारेज्मांना पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवतो.

साहेब,
माझा राग नाही. दिलेल्या चारपैकी एकही स्टार परत घेऊ नका, लोक खूश आहेत. एवढंच सांगायचं, की सातव्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात सगळे एकदम गप्प झालेत. अकरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजलेत. तिथे फक्त मी आहे. तेवढंच पुन्हा ऐका आणि कसं वाटलं ते एका ओळीत कळवा. छापू नका. बारा मेपर्यंत बसच्या जागा पक्क्या करायच्या आहेत, तेव्हा उत्तर जरा लवकर लिहा.

आपला,
बेलार्मीनु (बेल्मीरु नव्हे)