गोडाऊनच्या भिंतीवरचा ग्लास

अण्णा, आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने एक अर्ज काढलाय. दारूच्या जाहिराती सरकारने बंद कराव्यात, आणि दारूच्याच नावाने सोडा नि पाणी विकतात त्यांच्यासुद्धा. सगळ्या बायकांच्या सह्या झाल्या. मी मंडळाची सेक्रेटरी, अर्ज टाईपही मीच केला, आणि सही तेवढी माझी नाही. चार दिवस कागद टेबलावर पडून आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई काल विचारून गेल्या, "काय हो, तुमच्याकडे कोणी घेतं की काय?" मी नाही म्हटलं. खरंच आता घरात कोणी घेत नाही. घेणारा गेला, रंगवणारा गेला. मी आणि आई उरलोय.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. रडूबिडू येत नाही मला, खोटं कशाला सांगू. फक्त उरणच्या रस्त्याने गाडी निघाली की मी मोबाईलमध्ये डोकं घालते.

नव्वदीतले ते दिवस. न्हावा शेव्याचं बंदर जोरात होतं, द्रोणागिरीकडे एकेक गोडाऊन उठत होतं, आणि प्रत्येक गोडाऊनला लांबच लांब कंपाउंड. "बघ, किती भिंत कोरी पडलीय," तुम्ही म्हणायचात, पडीक शेत बघून हळहळावं तसं. बेलापूरच्या ऑफिसांचे बोर्ड, शाळेतले सुविचार, साबणाच्या जाहिराती, सगळं तुमच्या हातचं. मग दारूच्या कंपनीचा तो एजंट आला. दारूची जाहिरात उघड करता येत नव्हती, म्हणून कंपनीने त्याच नावाचा सोडा काढला होता. त्या नावाचा सोडा दुकानात आपण कधीच पाहिला नाही.

आई तेव्हाच म्हणाली होती, "ट्रेलरवाले जिथे थांबतात तिथेच बरी लागते ह्या कंपनीवाल्यांना सोड्याची जाहिरात." तुम्ही जेवताजेवता म्हणालात, "अगं, भिंत बघून कोणी पितं का? तसं असतं तर माझा साबण बघून अख्खं गाव दोनदा आंघोळ करतं." आम्ही सगळे हसलो. दादा तर ठसका लागेपर्यंत हसला.

अक्षरं तुम्हाला डोळे मिटूनही जमायची. अडलं ते हातापाशी. ग्लास धरलेला पुरुषाचा हात हवा होता, आणि कंपनीच्या चित्रात तो जेमतेम दिसत होता. रविवार होता, दादा घरी होता. यार्डात कंटेनरचे नंबर टिपायची नोकरी त्याला नुकतीच लागली होती. तुम्ही त्याला गॅलरीत बसवलंत, पाहुण्यांचा काचेचा ग्लास त्याच्या हातात दिलात आणि खाकी कागदावर चौकटी आखून एकेक बोट उतरवायला लागलात. "सैल धर रे, कोणी हिसकावून घेत नाहीये." दादा कुरकुरतोय, "अण्णा, पाणी तरी भरा त्यात, हात अवघडला." आई आतून म्हणतेय, आधी दोघं नाश्ता करा. त्याची लहानपणी मोडलेली करंगळीसुद्धा तुम्ही होती तशी वाकडी काढलीत.

तीच चूक झाली. यार्डातल्या पोरांनी करंगळी ओळखली. दादाला "ग्लासवाला" नाव पडलं. भिंतीसमोरच्या ढाब्यावर त्यांनी त्याला बसवलं, म्हणाले, जाहिरातीतला माणूस आणि कोरडा? पहिला ग्लास त्याने तिथे घेतला, समोर स्वतःचाच हात बघत. हे त्यानेच मला पुढे कधीतरी सांगितलं, हसत हसत. यार्डात पिणारे तसेही होते. भिंत नसती तर तो प्यायला नसता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमचं ते साबणाचं बोलणंही मला अजून खोडता येत नाही. पण भिंत होती.

दशक संपायच्या आत त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि एका दुपारी तो गेला.

बारावं झाल्यावर तुम्ही चुन्याची बादली घेऊन एकटेच तिकडे गेलात. आयुष्यभर रंगात हात घातलेल्या माणसाने तेलरंगावर चुना मारला! टिकत नाही हे तुम्हाला मुखपाठ होतं, पण त्या दिवशी सुचलं नसावं. महिन्याभरात पापुद्रे सुटले आणि करंगळी पुन्हा वर आली. त्यानंतर तुम्ही ब्रश धरला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई तेच सांगायची, "सोडा म्हणे! सोडा काय पिवळा असतो? ह्यांनी पिवळा भरला त्यात." तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसायचात. एकदाही उलटून बोलला नाहीत.

अण्णा, तुम्ही ग्लास पांढराच ठेवला होता. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, तुमच्याबरोबर रेघा मारायला दोरी धरायला आले होते. रस्ता ओलांडून लांबून बघितलं आणि मीच ओरडले, "अण्णा, रिकामा वाटतोय ग्लास, थोडा पिवळा टाका." तुम्ही म्हणालात, "अगं, सोडा आहे तो." मी म्हटलं, "कशाचा सोडा ते काय कोणाला माहीत नाही?" तुम्ही पिवळ्याचा डबा उघडलात. एजंट खूश झाला, मग पुढच्या सगळ्या भिंतींवर पिवळाच. आई पाहुण्यांपुढे पहिल्यांदा ते बोलली तेव्हा तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मी कपबशा उचलून आत गेले.

सही आत्ता केली. कारणाच्या रकान्यात सगळ्या बायकांनी लिहिलंय तेच लिहिलं, मुलांवर वाईट परिणाम होतो. आईने आतून विचारलं, "केलीस का गं सही?" हो म्हटलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "ह्यांनी तेव्हा तो पिवळा भरला नसता तर..."

मी तिला विचारलं, चहा टाकू का.