अंक सतरा, शेवटचे पान

विश्रांतवाडी, पुणे
दि. २१ नोव्हेंबर २००५

चि. धम्मदीप यास,
सप्रेम जय भीम.

येथे सर्व क्षेम आहे, असे पत्राच्या आरंभी लिहिण्याची रीत आहे. ‘सर्व’ हा शब्द जपून वापरा, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर बजावत आलो. तेव्हा येथे बहुतेक क्षेम आहे, एवढेच लिहितो. उरलेल्याकडे यथावकाश येईन. चि. सौ. अस्मिताला आशीर्वाद. तिने पाठवलेला स्वेटर मापात बसला. थंडी या वर्षी उशिरा पडली, त्यामुळे तो घालण्याचा योग आता आला आहे.

हे पत्र संगणकावर लिहिलेले पाहून, बाबा अखेर टंकलेखन शिकले, असा तर्क तू करशील. तो तर्क आहे; पुरावा नाही.

गेल्या महिन्यात फोनवर तू जे मांडलेस, त्याला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. तुझे म्हणणे मला नीट कळले आहे ना, हे आधी पाहा. तुझी आई गेल्यापासून मी एकटा राहतो. हा फ्लॅट भाड्याने देता येईल. न्यू जर्सीला तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे. येथवर वाद नाही. मग तू म्हणालास, “बाबा, तिथं आता तुमचं आहे तरी काय?” आणि लगेच फोन अस्मिताच्या हाती दिलास. वाक्याची ठेवण प्रश्नाची होती. प्रश्न विचारला गेला असेल, तर तो कोणी उत्तरासाठी विचारलेला नसला तरी त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

उत्तर असे, की माझी ‘चौकट’ आहे.

होय, तुझीच. कॉलेजात असताना तू सुरू केलेले, जुनी कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम यांच्या बातम्यांचे ते झेरॉक्स केलेले पत्रक. अमेरिकेला निघताना तू त्याच्या समाप्तीचे निवेदन लिहिलेस, वर्गणीदारांच्या पत्त्यांची पाकिटे तयार केलीस आणि म्हणालास, “बाबा, एवढं पोस्टात टाका. आणि कॉमिक्स रद्दीत द्या. मला आता त्यात रस नाही.”

पाकिटे पोस्टात पडली. मात्र आत तुझे निवेदन नव्हते.

झाले ते असे. पाकिटे टाकायला निघालो, तोच सोलापूरच्या श्यामचे पत्र आले. हा तुझा जुना वर्गणीदार. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. ‘नभोवीर तारानाथ’ या मालिकेविषयी त्याचा आक्षेप होता. तुला ती पाठ आहे. मी तोवर तिचे एक पानही उलटले नव्हते. सतराव्या अंकात तारानाथ आपला ग्रह कायमचा सोडतो. अठराव्यात त्याची आई बिनतारी यंत्रावरून त्याला म्हणते, “जाताना तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस.” पंचविसाव्यात तो तिला म्हणतो, “पाहिलं होतं, आई. तू दार लावून घेतलं होतंस.” श्यामचे म्हणणे असे, की दोन विधाने परस्परविरोधी आहेत, म्हणजे तारानाथ खोटे बोलतो, म्हणजे तो विश्वासार्ह नाही, म्हणजे पंचविसाव्यापासून पुढचे सर्व अंक मालिकेतून वगळावेत.

एका वाक्यावरून निम्मी मालिका रद्द! असा युक्तिवाद अनुत्तरित ठेवून मला जेवण गेले नसते. मी कपाटातून अठरावा आणि पंचविसावा अंक काढले, वाचले आणि दोन पानी निवाडा लिहिला. आई ही प्रत्यक्षदर्शी आहे, तिला खोटे बोलण्याचे कारण नाही. तारानाथ तिचे सांत्वन करतो आहे. सांत्वनासाठी बोललेले एक असत्य उरलेल्या चरित्राला बाधा आणत नाही. सबब तारानाथाने वळून पाहिले नाही, आणि मालिका अबाधित आहे. निवाडा एकट्या श्यामला पाठवायचा, तर पाकिटे तयारच होती. त्यांत तोच घातला. तुझ्या सूचनेचा भंग झाला, हे मला मान्य आहे. त्याबद्दल खेद आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

उलट टपाली इतकी पत्रे आली, की पुढचा अंक काढण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. त्यानंतरचे अंकही असेच निघत गेले.

आता रविवारी सकाळी मंडळी आपल्या घरी जमतात. त्यांतल्या दोघांची ओळख करून देतो. अभय खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधतो आणि येथे येऊन स्वतः करतो. गेम खेळण्याच्या यंत्रांच्या, म्हणजे कन्सोलच्या, बातम्यांचे खाते त्याच्याकडे आहे. मागच्या रविवारी तो धापा टाकत आला. “सर, पक्की बातमी! जपानी कंपनीचं नवं कन्सोल दिवाळीच्या आत पुण्यात येणार होतं, ते आता मार्चमध्ये येणार.”

“कोणी सांगितले?”

“माझ्या टीममधल्या एकाचा भाऊ सिंगापूरला असतो.”

“त्या भावाने यंत्र पाहिले आहे?”

“नाही, पण दुकान पाहिलंय.”

आम्ही छापले ते असे: ‘सिंगापूर येथे दुकान असल्याचे विश्वसनीयरीत्या समजते.’ वाचकांना हा मजकूर आवडतो, असे दिसते. एका वाचकाने लिहिले, की इंटरनेटवर बातम्या आधी मिळतात, पण कोणती खरी मानायची ते ‘चौकट’ आल्यावरच ठरते.

दुसरी सोनाली. आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, बँकेच्या संगणक विभागात आहे. तुझा जुना गेम टीव्हीला जोडून तीच चालवते. गेमची कॅसेट चालत नसली, की काढून, तिच्या तोंडावर फुंकर मारून पुन्हा घालायची, हा तुमचा सार्वत्रिक विधी. मी म्हटले, फुंकरीने ती चालते हे सिद्ध झालेले नाही. नुसती काढून घातल्यानेही चालत असेल. आम्ही करून पाहिले. न फुंकताही चालली. मी निवाडा सांगणार, तेवढ्यात सोनाली म्हणाली, “सर, चालली हे खरं. पण न फुंकता खेळायला बसलं ना, की जेवायच्या आधी हात धुतले नाहीत असं वाटतं.” हे भिन्नमत ग्राह्य धरले. तसे अंकात नमूद केले आहे.

आता मूळ निवाड्याकडे येतो. कारण तो माझ्यावरच उलटला.

निवाडा मिळाल्यावर श्यामने एक कार्ड पाठवले. “सर, लिहिलंय सुरेख. पण सतराव्या अंकाचं शेवटचं पान पाहिलंत का? त्यावर एकही शब्द नाही. नुसतं चित्र आहे. तारानाथ यानाच्या पायरीवर उभा आहे.”

मी तीस वर्षे विधी महाविद्यालयात पुरावा कायदा शिकवला. प्रकरणातील मुख्य वस्तू न पाहता निकाल देणारा न्यायाधीश मी वर्गात अनेकदा उदाहरण म्हणून वापरला आहे. श्यामने ज्या अंकांचा उल्लेख केला तेवढेच मी उघडले. ज्या प्रसंगाबद्दल वाद होता, तो अंक उघडावा असे सुचलेच नाही. शब्द मिळाले, की मला पुरेसे होत असे.

कपाटात पाहिले. तुझ्या आईने प्रत्येक अंकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घालून वर क्रमांक लिहिलेला. सोळा आहे, अठरा आहे, सतरा नाही. श्यामची प्रत कोणी तरी वाचायला नेली ती परतली नाही. प्रकाशन कधीच बंद पडले. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांनी हात जोडले. अभय शपथेवर सांगतो, की चित्रात तारानाथाची मान वळलेली आहे. सोनालीही शपथेवर सांगते, की त्याची पाठ दिसते, मान सरळ आहे. दोघांनीही तो अंक लहानपणी वाचला. तेव्हापासून प्रत्येक ‘चौकट’मध्ये पहिल्या पानावर एक ओळ असते: ‘निवाडा स्थगित. वस्तुपुरावा अनुपलब्ध.’ वर्गणीदार त्या ओळीची चौकशी आधी करतात, कन्सोलची नंतर.

वळून पाहण्याविषयी एवढे लिहिले, म्हणून एक नोंद. तू गेलास त्या रात्री सहार विमानतळावर तुझी आई मला म्हणाली, “पाहा, हात करतोय.” तू काचेपलीकडे नेमका कोठे होतास, ते मला सापडले नाही. मी एका भलत्याच मुलाला हात केला. तू वळून पाहिलेस की नाही, याबद्दल मी साक्ष देऊ शकत नाही.

येथे मला बाजूला ठेवलेली गोष्ट घेतली पाहिजे. वादात स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा जवळ असेल, तर तो दडवू नये, हा माझा पहिला धडा होता. महिनाभर मी तो दडवला, कारण तो तुझी बाजू बळकट करतो.

मला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. तो बराच आधीपासून असावा; कळला तो तुझी आई गेल्यानंतर, जिना उतरताना पायरी चुकली तेव्हा. गेलेली नजर परत येत नाही; उरलेली टिकावी म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, एवढाच उपाय डॉक्टरांनी सांगितला आहे, आणि तो मी काटेकोरपणे पाळतो. कडेचे सर्व गेले आहे. समोरचे तेवढे, नळीतून पाहावे तसे दिसते. एक शब्द दिसतो, ओळ दिसत नाही. चेहरा दिसतो, माणसे दिसत नाहीत. आळंदी रस्ता मी एकट्याने ओलांडत नाही.

त्यामुळे कॉमिक्स मला सोनाली सांगते. “पान चार. वरची चौकट लांबट आहे. आभाळ. खाली कोपऱ्यात बारीकसं यान.” मी विचारतो, यान कोणत्या दिशेला? तोंड इकडे की तिकडे? ती म्हणते, “सर, तुम्ही मला उलटतपासणीला उभं केल्यासारखं ऐकता.” पण तीच सांगते, की पूर्वी ती चित्रांवरून नुसती पुढे जात असे, आता थांबून पाहते. मी स्वतः तर डोळे धड असताना एकही चित्र पाहिले नव्हते. मला चित्रे दिसू लागली ती अशी.

हे पत्रही मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. काचबिंदूचा परिच्छेद झाल्यावर ती थांबली. म्हणाली, “सर, हे असं पाठवलंत तर तो पहिल्या विमानानं येईल.”

मी म्हटले, “आला तर सतरावा अंक घेऊन यायला सांग.”

“थट्टा नका करू.”

“मी थट्टा करीत नाही. लिही.”

तर लिहितो. माझी नजर अधू आहे, म्हणून मी तुमच्याकडे यावे, असे तू म्हणशील. मी त्याच आधारावर उलटा निष्कर्ष काढतो. या घरातले प्रत्येक दार, बुद्धवंदनेला बसतो ती सतरंजी, कोपऱ्यावरचा दवाखाना, दूधवाल्याची सायकल कोठे टेकवलेली असते ते, हे सर्व मला न पाहता ठाऊक आहे. येथे उरलेली नजर पुरते. तेथे रोज नवे पाहावे लागेल आणि ते मला कोणी तरी हात धरून दाखवावे लागेल. तुम्ही दोघे ते कराल, यात शंका नाही. पण मग मी दिवसभर तुमच्या संध्याकाळची वाट पाहीन. येथे मंडळी माझ्या निवाड्याची वाट पाहतात. यातील फरक तुझ्या आईला एका वाक्यात सांगता आला असता. मला एवढे लिहावे लागले.

म्हणून मी येणार नाही. दृष्टी आणखी गेली तर प्रश्न पुन्हा विचारात घेऊ, आणि तेव्हा मी पुरावा दडवणार नाही, हे वचन देतो.

एक गोष्ट मात्र माझ्यापाशी येथे नाही. तू फोन दिलास, तेव्हा अस्मिता सहज म्हणाली, “बाबा, ह्याच्या सुटकेसच्या तळाशी एक मराठी कॉमिक आहे. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर आहे, ते आईंनी घातलंय का? मी हात लावला तर म्हणाला, राहू दे, फाटेल.” क्रमांक तिने सांगितला नाही, मीही विचारला नाही. ज्याला कॉमिक्समध्ये रस उरलेला नाही, असा माणूस वजन करून भरलेल्या सामानातून एकच अंक नेतो. कोणता, याचा निष्कर्ष मी काढला आहे.

तो अंक पाठवू नकोस. टपालात हरवेल, आणि आला तरी मला त्याचा उपयोग नाही. रविवार दि. ११ डिसेंबर रोजी, येथल्या सकाळच्या वेळी फोन कर. मंडळींना मी त्या दिवशी उशिरा बोलावले आहे. निवाडा त्यांना नंतर सांगता येईल. अंक उघड आणि पहिल्या पानापासून मला सांगत ये. घाई करू नकोस. प्रत्येक चौकटीत काय आहे, कोण कोठे उभे आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो आहे, काहीही वगळू नकोस. आणि शेवटच्या पानावर, जेथे शब्द नाहीत, तेथे जे आहे ते जसे आहे तसे सांग. माझे सांत्वन करू नकोस.

पत्र टंकलिखित असले तरी खालची सही माझी आहे, शेवटच्या कागदावर आधीच करून ठेवलेली. ती रेघेवर बसलेली नाही, वर चढत गेली आहे, असे सोनाली सांगते. पुन्हा करता का, असे तिने विचारले. राहू दे म्हटले.

फोनजवळ बसलेला,
तुझा बाबा
रामदास